'घरात' म्हणजे कोणाच्या घरात?

केसपेपर 2014 सालचा. अक्षर माझंच: "स्त्री, 34. खोकला 5 दिवस. कौटुंबिक इतिहास: वडिलांना मधुमेह. कॅन्सर – नाही." या ओळीत दोन चुका आहेत आणि त्या लक्षात यायला मला नऊ वर्षं लागली. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. रुग्णाची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना इथे ताई म्हणते. दवाखान्यातही तेच म्हणते.

सिंहगड रस्त्याला धायरीच्या अलीकडे माझा दवाखाना आहे. ताईंचं पोळी-भाजी केंद्र तिथून चार गल्ल्या आत. माहेर भोरकडचं. नवरा, दोन मुलं, सासू-सासरे, सगळ्यांचे केसपेपर माझ्याकडे एकाच गठ्ठ्यात बांधलेले. या घराला आपण आतून-बाहेरून ओळखतो, असं मी समजत होते.

जूनमधली भेट

2023 च्या जूनमध्ये पालख्या पुण्यात मुक्कामाला यायच्या आदल्या दिवशी ताई आल्या. नाना पेठेत उतरणाऱ्या एका दिंडीच्या पाचशे पोळ्या त्यांनी घेतल्या होत्या आणि ओट्याशी उभं राहवत नव्हतं. जिना चढताना धाप लागायची. पाळी आठ-नऊ दिवस चालायची आणि मधल्या दिवसांतही डाग पडायचे. "वय झालं ना मॅडम, जाता जाता त्रास देणारच पाळी." वय 43. अंगाने बारीक, शुगर नाही, बीपी नाही. पापणी खाली ओढून पाहिली, तर आतून पांढरीफटक. हिमोग्लोबिन 8.1 आलं.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये दोन गोष्टी होत्या. गर्भाशयाच्या भिंतीत 2 सेंटिमीटरचा फायब्रॉइड, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ, आणि अस्तराची जाडी 14 मिलिमीटर. माझी नजर फायब्रॉइडवर अडकली. रक्तस्रावाचं कारण सापडलं असं वाटलं. लोहाच्या गोळ्या दिल्या, स्राव कमी होण्याच्या गोळ्या दिल्या, तीन महिन्यांनी या म्हटलं. अस्तराचा तुकडा तपासायला पाठवावा हे मनात आलं नाही. बारीक अंगाच्या, मधुमेह नसलेल्या बाईला दोन पाळ्यांच्या मधे डाग जातात, अस्तर जाड आहे, तर ते मनात यायला हवं होतं. पण समोरच्या कागदावर 'कॅन्सर – नाही' असं लिहिलेलं होतं, आणि लिहिणारी मीच असल्यामुळे त्यावर माझा विश्वास होता.

"आमच्याकडे आहेच ते"

गणपतीत ताई नवऱ्याचं बीपी दाखवायला आल्या. सहज विचारलं, माहेरी जाऊन आलात का. तर म्हणाल्या, या वर्षी वहिनीने गौरी बसवल्याच नाहीत, भाऊ दवाखान्यात आहे. भाऊ 47 वर्षांचा. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ, ऑपरेशन झालेलं. "त्याचंही आधी रक्तच कमी झालं होतं मॅडम, माझ्यासारखं." आणि मग पर्सची चेन उघडत-लावत हळूच: "आमच्याकडे आहेच ते."

मी केसपेपर काढला. "ताई, मी तेव्हा विचारलं होतं ना, घरात कुणाला कॅन्सर आहे का म्हणून?"

"हो, मग? घरात नाहीच कुणाला. दादांना शुगर आहे तेवढीच."

दादा म्हणजे सासरे. लग्न झालेल्या बाईला 'घर' म्हटलं की ती सासर धरते, माहेरला ती माहेरच म्हणते. ताईंनी माझ्या प्रश्नाला बरोबर उत्तर दिलं होतं. मी 'दादा' ऐकून 'वडील' लिहिलं आणि सासऱ्यांचा मधुमेह त्यांच्या रक्तात घातला. ज्या घराशी त्यांचं रक्ताचं नातं नाही, त्या घराचा इतिहास मी नऊ वर्षं जपून ठेवला होता.

उलटंही रोज घडतं. सासूबाईंचा स्तन काढला म्हणून सुना घाबरून तपासायला येतात. त्या सासूच्या मुलीने, म्हणजे नणंदेने, यायला हवं, हे कुणी सांगितलेलं नसतं. आणि वडिलांच्या बाजूचा कॅन्सर तर मोजलाच जात नाही. बायकांचे आजार आईकडून येतात असा पक्का समज आहे. खरं तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडलेले बीआरसीए जनुकांतले दोष असोत की आतड्याशी जोडलेले, दोष असलेल्या आई किंवा वडिलांकडून तो प्रत्येक मुलाला, मग मुलगा असो वा मुलगी, मिळण्याची शक्यता निम्मी असते.

पाठकोऱ्या कागदावर

नवऱ्याला बाहेर बसवलं आणि एका औषध कंपनीच्या पॅडचा पाठकोरा कागद घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजार असलेल्याची खूण काळी भरायची. या कामात आपली भाषा मदतीला येते. आत्या म्हटलं की बाजू ठरली, मावशी म्हटलं की दुसरी. चुलत, आते, मामे, मावस असं म्हणताच रेघ कुठून काढायची ते कळतं. एकच खबरदारी हवी. भोर-सातारकडे सासूलाही आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा, म्हणून प्रत्येक नावाला 'सख्खी का?' विचारावं लागतं.

वयं कुणालाच सांगता येत नाहीत, प्रसंगांवरून काढावी लागतात. आजोबा दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी गेले, म्हणजे 1973. पोटात गोळा झाला होता, जेवण जात नव्हतं. पन्नाशीचे असतील. पानशेत फुटलं तेव्हा वडील चार वर्षांचे होते, म्हणजे जन्म 1957 चा. ते गेले ताईंच्या लग्नाच्या आदल्या वर्षी, 2001 मध्ये, म्हणजे 44 व्या वर्षी. कशाने? "आतड्याला पीळ पडला."

सख्ख्या आत्याचं 2003 मध्ये 49 व्या वर्षी ऑपरेशन झालं, "पिशवीचा" कॅन्सर. 2012 मध्ये "तोच पोटात परत आला" आणि त्या गेल्या. काकांना तोंडाचा कॅन्सर झाला, जबडा काढलाय, ते आहेत.

'पिशवीचा' या शब्दापाशी प्रत्येक डॉक्टरने थांबायला हवं. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही विषाणूच्या संसर्गाने होतो, त्याचा घराण्याशी फारसा संबंध नाही. पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर मात्र आतड्याच्या कॅन्सरबरोबर एकाच घराण्यात फिरू शकतो. आणि अंडाशयाची गाठ असली तरी बायका पिशवीचाच म्हणतात. तीन वेगळे आजार आणि बोलण्यात एकच शब्द. 'पोटाचा कॅन्सर' तर त्याहून मोघम आहे, त्यात जठर, आतडं, यकृत, स्वादुपिंड, काहीही असू शकतं.

म्हणून आत्याच्या मुलीला फोन लावला. तिने आईचे कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवले होते. अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवर फोटो आला. घडीवर फाटलेला, पिवळा पडलेला रिपोर्ट, पण ओळ वाचता येत होती: एंडोमेट्रिऑइड ॲडिनोकार्सिनोमा. अस्तराचा. 2012 चा कागदही मिळाला आणि त्यात मोठं आतडं होतं. जुना आजार परत आलेला नव्हता. दुसऱ्या जागी, नव्याने झालेला दुसरा कॅन्सर होता.

मग काकांना फोन केला. ताईंनी स्पीकरवर ठेवला. जबडा काढल्यापासून त्यांचं बोलणं पटकन समजत नाही, ताई प्रत्येक वाक्य मला परत सांगत होत्या. मी विचारलं, वडिलांना नक्की काय झालं होतं. काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, पीळ नव्हता. सर्जननी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, गाठ आहे, कॅन्सर आहे. मी घरात कुणाला बोललो नाही. "पोरीची बोलणी चालली होती."

हे वाक्य ताईंनी मला परत सांगितलं नाही. ते मला कळलं होतं.

कागदाच्या नियमात न बसणारं कुटुंब

आनुवंशिक आतड्याच्या कॅन्सरचा, म्हणजे लिंच सिंड्रोमचा, संशय घेण्यासाठी एक जुना नियम आहे: तीन-दोन-एक. या गटातले कॅन्सर झालेले तीन नातेवाईक, दोन पिढ्यांत, आणि त्यातला किमान एक पन्नाशीच्या आत. शिवाय तिघांतला एक बाकीच्या दोघांचा अगदी जवळचा, म्हणजे आई-बाप, भावंड किंवा मूल. भाऊ, आत्या आणि मधे दोघांना जोडणारे वडील, असे तिघे होतात. पण वडिलांच्या ऑपरेशनचा एकही कागद उरलेला नाही. कागदोपत्री हे कुटुंब नियमात बसत नाही. काकांचा शब्द धरला तर बसतं. मी शब्द धरला. काकांच्या स्वतःच्या तोंडाच्या कॅन्सरचा मात्र या हिशेबाशी संबंध नाही. तो आयुष्यभराच्या तंबाखूचा होता, आणि तो चौकोन मी काळा न करता बाजूला 'तंबाखू' लिहिलं. खूप कॅन्सर असलेल्या घरातही प्रत्येक कॅन्सर आनुवंशिक नसतो. एकंदर कॅन्सरपैकी आनुवंशिक दोषामुळे होणारे साधारण 5 ते 10 टक्केच.

त्याच आठवड्यात ताईंना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. चिठ्ठीत फायब्रॉइड खाली लिहिला आणि वंशवृक्ष वर जोडला. अस्तराची बायोप्सी झाली, रिपोर्ट आला: ॲटिपिकल हायपरप्लेसिया. कॅन्सरच्या उंबरठ्यावरची अवस्था. गर्भाशय काढल्यावर अशा बऱ्याच बायकांत आत कॅन्सरही सापडतो. जूनपासूनचे तीन महिने माझ्या हिशेबात जमा आहेत.

पण पिशवी काढण्याआधी एक काम होतं. आनुवंशिक तपासणी शक्यतो आजार झालेल्या माणसापासून सुरू करायची असते. निरोगी माणसाचं रक्त आधी तपासलं आणि काही सापडलं नाही, तर दोष कुटुंबातच नाही की फक्त याला मिळालेला नाही, हे कळत नाही. म्हणून भावाच्या गाठीचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला तुकडा, मागवला. त्याच्या डिस्चार्ज कार्डावर 'कौटुंबिक इतिहास: नाही' असंच छापलेलं होतं. ते पाहून मला राग आला नाही, माझ्याकडेही तेच लिहिलेलं होतं. ब्लॉक मिळवायला तीन आठवडे आणि चार अर्ज लागले, त्याचा मात्र आला.

पेशी विभागताना डीएनएची नक्कल करतात, तेव्हा चुका होतात. त्या चुका दुरुस्त करणारी चार मुख्य प्रथिनं गाठीत आहेत का, हे विशिष्ट रंग देऊन पाहता येतं. या तपासणीचा खर्च जनुकांच्या तपासणीपेक्षा बराच कमी असतो. भावाच्या गाठीत एमएसएच-2 आणि एमएसएच-6 ही दोन्ही गायब होती. दोन्ही जोडीने जातात तेव्हा मूळ दोष बहुधा एमएसएच-2 च्या जनुकात असतो. पुढे मुंबईला, टाटा रुग्णालयाच्या कॅन्सर जेनेटिक्स क्लिनिकमध्ये. सिंहगड एक्स्प्रेसने दादर, तिथून परळ. भावाच्या रक्तात एमएसएच-2 चा दोष निघाला. एकदा दोषाची नेमकी जागा सापडली की बाकीच्यांची फक्त तीच जागा तपासायची असते, सगळी जनुकं पुन्हा तपासायचा खर्च लागत नाही. ताईंच्या रक्तातही तो निघाला.

मला इथे एका शिवणकाम करणाऱ्या बाईची आठवण होते. 1895 मध्ये अमेरिकेतल्या ॲन आर्बरला आल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या पॅथॉलॉजिस्टना त्यांच्याकडे शिवण करणाऱ्या बाईने सांगितलं, मी आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जाणार, आमच्याकडे सगळे त्यानेच जातात. वॉर्थिननी ते मनावर घेतलं, तिच्या घराण्याची माहिती जमवली आणि 1913 मध्ये छापली. ती बाई तरुणपणीच गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरने गेली. हेन्री लिंच यांनी पुढे तेच घराणं पुन्हा अभ्यासलं, आणि नंतर त्यात सापडलेला दोष एमएसएच-2 चाच होता. तिचं वाक्य आणि ताईंचं 'आमच्याकडे आहेच ते' यात मला काही फरक दिसत नाही. फक्त वॉर्थिननी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच लिहून घेतलं.

उपचार

ताईंची कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, आधी केली. उजव्या बाजूला दोन पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेले कोंब, सापडले आणि तिथेच काढले, दोन्ही साधे. नोव्हेंबरमध्ये गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढली. अस्तरात एका ठिकाणी सुरुवातीचा कॅन्सर होता, स्नायूच्या थरात शिरलेला नव्हता. पुढे किमो लागली नाही.

या दोषाबरोबर आयुष्यभरात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका साधारण 33 ते 52 टक्के आणि अस्तराच्या कॅन्सरचा 21 ते 57 टक्के धरतात. आकडे मुख्यतः पाश्चात्त्य कुटुंबांवरचे आहेत. ताईंना मी ते सांगितले, पण त्यांच्या कामाची गोष्ट वेगळी होती. फिनलंडमध्ये अशा 22 कुटुंबांतल्या 252 जणांवर 15 वर्षं लक्ष ठेवलं होतं. दर तीन वर्षांनी कोलोनोस्कोपी करून घेणाऱ्यांत आतड्याचा कॅन्सर निम्म्याहून कमी झाला. आता तर एक ते दोन वर्षांनीच करायला सांगतात, आणि 20 ते 25 व्या वर्षापासून. "म्हणजे दर वर्षी ते दोन लिटर पाणी प्यायचं," ताई म्हणाल्या. पोट साफ करायचं ते औषध त्यांना ऑपरेशनपेक्षा कठीण गेलं होतं.

गोळी नाही का, असंही विचारलं. आहे. 861 जणांच्या एका चाचणीत रोज 600 मिलिग्रॅम ॲस्पिरिन किमान दोन वर्षं घेणाऱ्यांत पुढच्या दहा-वीस वर्षांत आतड्याचे कॅन्सर कमी झाले. पण ॲस्पिरिनने पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि ताईंचं हिमोग्लोबिन तेव्हा कुठे 10 वर आलं होतं. तज्ज्ञांनी तो निर्णय पुढे ढकलला.

अंडाशयं गेल्यामुळे पाळी एका दिवसात थांबली. हाडांची तपासणी, कॅल्शियम, संप्रेरकांच्या गोळ्या यांवर बोलणं झालं. "तव्यासमोर उभी राहिले की कळत नाही मॅडम, आग बाहेरची आहे का आतली." केंद्र दोन महिने बंद होतं. जानेवारीत सुरू झालं.

धाकटी

ताईंना आणि भावाला तपासून हे प्रकरण संपत नाही, आणि माझ्या मनाला सगळ्यात लागलेला भाग हाच आहे.

ताईंची धाकटी बहीण आत्याच्या मुलाला दिली आहे. आपल्याकडे हे नातं सहज जमतं, घर माहितीतलं म्हणून. या घरात त्याचा अर्थ असा की बहिणीला दोष मिळाला असण्याची शक्यता निम्मी आणि तिच्या नवऱ्याला त्याच्या आईकडून मिळाला असण्याचीही निम्मी. दोघांत असेल तर प्रत्येक मुलाला दोन्हीकडून मिळण्याची शक्यता चारात एक. जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तर आजार चाळिशीपर्यंत थांबत नाही. लहानपणीच रक्ताचा, मेंदूचा, आतड्याचा कॅन्सर होऊ शकतो, अंगावर दुधाच्या चहाच्या रंगाचे डाग दिसतात. तिची मुलं तेव्हा 12 आणि 9 वर्षांची होती. दोघंही धडधाकट, अंगावर डाग नाहीत, हे जेनेटिक्सच्या डॉक्टरांनी फोटोंवरून आणि मग प्रत्यक्ष पाहिलं. त्यामुळे ती शक्यता बरीच कमी झाली. पण बहीण आणि तिचा नवरा, यांच्या रक्ताचा प्रश्न उरतोच.

ती माझ्यासमोर अर्धा तास बसली आणि नाही म्हणाली. कारणं साधी होती. विम्याचा फॉर्म भरायचा आहे, त्यात काय लिहू. नवरा म्हणतो, आमच्या आईला झाला तो झाला, आम्हाला काही होत नाही. आणि मुलगी पाच-सात वर्षांत लग्नाची होईल. हे तिसरं कारण सांगताना तिला माहीत नव्हतं की बावीस वर्षांपूर्वी काका याच कारणाने गप्प राहिले होते. ताईंनी तिला ते अजून सांगितलेलं नाही. मीही सांगितलं नाही, ते सांगणं माझं काम नव्हतं.

मी तिला घाबरवलं नाही. तपासणी ऐच्छिक आहे, तशीच असायला हवी. रक्त न देताही कोलोनोस्कोपी करता येते, मधे डाग गेले तर त्याच आठवड्यात यायचं, आणि कुठेही कुठल्याही डॉक्टरकडे गेली तरी भावाचा रिपोर्ट दाखवायचा, एवढं सांगितलं. रिपोर्टची झेरॉक्स तिने घेतली, घडी करून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवली.

भावाच्या मुलाने, वय 21, वडिलांची केमो संपायच्या आतच रक्त दिलं. त्याच्यात दोष नाही. ताईंची मुलं 18 ची झाली की स्वतः ठरवतील. मोठी या वर्षी होते आहे आणि तिने माझ्याकडे प्रश्न लिहून आणले होते, वहीच्या पानावर, नंबर घालून.

माझ्या केसपेपरवर आता 'घरात कुणाला' हा प्रश्न नाही. वडिलांकडचे आणि आईकडचे असे दोन रकाने आहेत. आजी-आजोबा, आई-वडील, काका-आत्या, मामा-मावशी, भावंडं: कोण आहे, कोण गेलं, कितव्या वर्षी, कशाने, आणि ऑपरेशन झालं असेल तर रिपोर्ट कुणाकडे. पहिल्या भेटीत सगळं भरत नाही. लोक आईला विचारून येतात, गावाला फोन करतात, दसऱ्याला गेल्यावर विचारतो म्हणतात. दर दोन-तीन वर्षांनी मी पुन्हा विचारते, कारण मधल्या काळात कुणीतरी आजारी पडलेलं असतं. एका माणसाला पंधरा मिनिटं जातात, बाहेर बाकावर लोक चुळबुळ करतात. करू देत.

ताईंची पुढची कोलोनोस्कोपी ऑक्टोबरात आहे. धाकटीने मागच्या महिन्यात फोन केला होता, मुलाच्या तापासाठी. ठेवता ठेवता म्हणाली, दिवाळी झाली की एकदा येते.